वाचकांचे प्रश्न : जुन्या धाटणीच्या चॉपरचे आकर्षण का टिकून आहे?

प्रश्न : गेल्या डिसेंबरात मुलाकडे योकोहामाला गेले होते, तेव्हा तो मला सजवलेल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला घेऊन गेला. तिथे मागे शॉकअप नसलेल्या, इवल्याशा टाकीच्या आणि लांबलचक पुढच्या फोर्कच्या चॉपर मोटारसायकलींभोवती तरुण आणि वयस्कर माणसे गुडघे टेकून बसली होती. इतक्या गैरसोयीच्या गाडीत एवढे पाहण्यासारखे काय असते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ती माणसे गुडघे टेकून बसली होती, याच निरीक्षणात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, परतलेल्या सैनिकांना लष्कराने विक्रीस काढलेल्या आणि जुन्या वापरलेल्या मोटारसायकली स्वस्तात मिळू लागल्या. या गाड्या वजनदार होत्या, म्हणून वेगासाठी त्यांनी पुढचे मडगार्ड काढून टाकले आणि मागचे कापून आखूड केले. अशा गाडीला बॉबर म्हणत. साठच्या दशकात ही कापाकापी थेट चासीपर्यंत पोचली. हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो ती मान कापून अधिक कलती जोडली गेली, त्या कोनाला पुरेल इतका फोर्क लांबवला गेला, पुढे २१ इंची अरुंद चाक आले आणि टाकी लहान झाली. चॉप म्हणजे तोडणे, त्यावरून चॉपर हे नाव पडले. काय जोडले यापेक्षा काय काढून टाकले यावर जिचे रूप ठरते, अशी ही गाडी आहे.

माझ्या मते तिचे आकर्षण इथेच आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीत जोडकाम झाकलेले असते. जुन्या धाटणीच्या चॉपरमध्ये झाकायला पत्राच उरत नाही. मानेजवळ खाली वाकून पाहिले की वेल्डिंगची शिवण दिसते, आणि ती एकसारख्या खवल्यांची आहे की मध्येच हात थबकला आहे, हे जाणकाराला लगेच कळते. त्या मानेपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जवळजवळ सरळ उतरणारी चासीची रेषा हा या गाडीचा प्राण आहे आणि ती रेषा अखंड राहावी म्हणूनच मागचे शॉकअप नको असतात. हार्ली-डेव्हिडसनने १९५८ मध्ये आपल्या मोठ्या गाड्यांना मागे शॉकअप दिले. त्यानंतर चॉपर घडवणाऱ्यांनी मुद्दाम ते काढून मागे ताठ चासी वेल्ड केली. पुढे १९८४ मध्ये त्याच कंपनीने सॉफ्टेल नावाची चासी आणली, तिच्यात शॉकअप होते, पण ते गाडीच्या पोटाखाली लपवलेले होते, जेणेकरून बाहेरून गाडी जुन्या ताठ चासीची दिसावी. गॅरेजमध्ये कापून घडवलेल्या रेषेची दखल कारखान्याला घ्यावी लागली, याहून मोठी पावती कोणती असेल?

ही रीत ज्या देशात गेली तिथे तिने तिथले वळण घेतले. स्वीडनमध्ये फोर्क कमालीचा लांब आणि बाकीची गाडी अगदी साधी ठेवण्याची पद्धत रुजली. जपानमध्ये ओकाझाकी शहरातील शिन्या किमुरा यांनी झीरो इंजिनिअरिंगमधून बुटक्या, ताठ चासीच्या गाड्या घडवल्या आणि धातूवर दिसणारे वय हेच त्यांचे सौंदर्य मानले. याउलट या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी दूरचित्रवाणीने लोकप्रिय केलेल्या, अतिरुंद मागच्या टायरच्या आणि भडक विषयचित्रांच्या चॉपर मला कधीच भावल्या नाहीत. त्या लाटेनंतर अनेक कारागीर पुन्हा जुन्या धाटणीकडे वळले, याचा मला मनापासून आनंद आहे.

प्रश्न : 'ईझी रायडर' या चित्रपटातील अमेरिकी ध्वजाच्या टाकीची गाडी कोणी घडवली?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : हा चित्रपट १९६९ चा. त्यातील गाड्यांची कल्पना आणि घडण यांमागे क्लिफ व्हॉन आणि लॉस एंजेलिसचे कारागीर बेन हार्डी हे दोघे कृष्णवर्णीय अमेरिकी होते. व्हॉन यांनी नागरी हक्क चळवळीत छायाचित्रकार म्हणूनही काम केले होते. पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ली गाड्यांपासून हे चॉपर तयार झाले. जगभर भित्तिपत्रकांवर झळकलेल्या या गाडीच्या निर्मात्यांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नव्हती, आणि कित्येक दशके ती फारशी कोणी घेतलीही नाहीत. म्हणून चॉपरविषयी बोलताना ही दोन नावे आवर्जून घ्यावीत, असे मला वाटते.

प्रश्न : माझे लेथ आणि वेल्डिंगचे वर्कशॉप आहे. घरच्या जुन्या बुलेटची मान कापून ४५ अंशांची करावी असे मनात आहे. करावी का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : रस्त्यावर चालवायच्या गाडीची करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही बाब आणखी स्पष्ट केली आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब पाहावा. चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर आणि फोर्कचा ऑफसेट, म्हणजे दांड्याच्या रेषेपासून चाकाचा आस जितका पुढे असतो ते अंतर, ५ सेंटिमीटर धरला, तर मान उभ्या रेषेपासून ३० अंशांवर कलती असताना ट्रेल सुमारे १३ सेंटिमीटर येतो. ट्रेल म्हणजे दांड्याची रेषा जमिनीला जिथे भिडते तिथून चाक टेकते तिथपर्यंतचे अंतर. फक्त कोन ४५ अंश केला की तेच अंतर सुमारे २६ सेंटिमीटर होते. अशी गाडी सरळ रस्त्यावर रुळावरून जावी तशी जाते, पण चौकात हळू वळताना हँडल आपोआप एका बाजूला पडू लागते. जाणते कारागीर म्हणूनच फोर्कचे क्लॅम्प वेगळ्या कोनाचे बनवून ट्रेल पुन्हा कमी करतात. शिवाय पुढच्या चाकाचा प्रत्येक दणका त्या मानेच्या जोडावरच येतो, त्यामुळे नळीच्या आत घट्ट बसणारी स्लीव्ह न घालता केवळ टोकाला टोक लावून केलेले वेल्डिंग तिथे चालत नाही.

आपल्याला हे काम शिकायचेच असेल, तर भंगारातून एक मोडकी चासी आणावी, तिच्यासाठी पक्का जिग, म्हणजे काम करताना चासी हलू न देणारा सांगाडा, बनवावा आणि ती रस्त्यावर कधीच न आणण्याच्या बोलीवर मान कापून जोडावी. जोड पूर्ण झाल्यावर तो मधोमध उभा कापून वेल्ड आत कुठवर मुरला आहे ते पाहावे. घरची बुलेट आहे तशीच राहू द्यावी.