समोरून वारा असला की सायकल, होडी आणि विमान तिघांनाही सारखाच त्रास होतो का?

नाही.

सायकलस्वार सर्वात जास्त भरडला जातो. उन्हाळ्यात दुपारनंतर नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर बेलापूरहून वाशीकडे निघा, वायव्येचा खारा वारा थेट छातीवर येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी २० किमीने जाताय आणि समोरून १५ किमीचा वारा आहे, तर हवेच्या लेखी तुमचा वेग ३५. विरोध सुमारे तिप्पट! गिअर उतरवा, अंग हँडलवर झुकवा, वेगाचा हट्ट सोडा.

शिडाच्या होडीची गंमत वेगळी. वाऱ्याच्या अगदी तोंडावर ती जाऊच शकत नाही, शीड नुसतं फडफडतं. पण साधारण ४५ अंश तिरकी धरली की शिडावरून वाहणारा वारा तिला पुढे आणि बाजूला ओढतो. बाजूची ओढ पाण्याखालचा तळकणा (होडीच्या तळाची उभी फळी) अडवतो, उरते ती पुढची चाल. मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी जायचं. अंतर सुमारे ४० टक्के वाढतं, पण ज्या वाऱ्याशी भांडायचं त्याच्याच जोरावर. मला तरी ही सगळ्यात हुशार युक्ती वाटते. (ठाणे खाडीत मात्र भरती-ओहोटीचंही गणित सांभाळावं लागतं.)

विमानाला उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी समोरचा वारा हवाच असतो. पंखांना उचल हवेच्या वेगावर मिळते, म्हणून धावपट्टी कमी लागते. नवी मुंबई विमानतळाची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पावसाळी पश्चिमेच्या वाऱ्यात विमानं पश्चिमेकडे तोंड करूनच उडतात. वर गेल्यावर मात्र समोरचा वारा वेळ आणि इंधन खातो.