तीन नमुन्यांतला टाइप कुठला धरायचा?

तुमचा प्रश्न असा की एका रानझाडाच्या मूळ वर्णनात तीन नमुने दिलेत, टाइप, म्हणजे ते नाव ज्याला कायमचं बांधलेलं असतं तो नमुना, कुठला ते लेखकाने सांगितलेलं नाही आणि तिसऱ्याची पानं केसाळ आहेत, तर सगळ्यात छान वाळवलेली शीट (कागदावर चिकटवलेला नमुना) लेक्टोटाइप, म्हणजे मूळ नमुन्यांतून नंतर निवडलेला टाइप, म्हणून घेऊ का. देखणी आहे म्हणून तर अजिबात घेऊ नका.

आधी बघा, तुमच्या अगोदर कुणी निवड करून ठेवलीय का. मी हे बघितलं नव्हतं. चार महिने खपून पेपर लिहिला आणि रेफरीने दाखवून दिलं की एका जुन्या मोनोग्राफमध्ये, म्हणजे एकाच वनस्पतीगटावरच्या ग्रंथात, एका ओळीत 'टाइप' असं म्हणून मूळ नमुन्यांतल्याच एकाचा नंबर आणि हर्बेरियमचं (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचं) नाव छापलंय, बस्स. 'इथे निवडला' असे शब्द हवेतच हा नियम 1 जानेवारी 2001 पासूनचा, 1990 च्या आधीची असेल तर एवढी ओळ पुरते, आणि पहिली निवड नियमात बसत असेल तर तीच चालते. माझे चार महिने पाण्यात.

कुणी निवडलं नसेल तर प्रोटोलॉग, म्हणजे नावासोबत पहिल्यांदा जे काही छापलं गेलं ते सगळं, शब्द न् शब्द वाचा आणि तिन्ही शीट त्याच्याशी ताडून बघा. वर्णनात पानं गुळगुळीत असतील तर तिसरा बाद. उद्या तो केसाळ नमुना वेगळीच जात निघाला आणि टाइप तोच ठरलेला असला तर नाव तिकडे जाणार, आणि इतकी वर्षं सगळे ज्या झाडाला या नावाने ओळखतात त्याला दुसरं नाव शोधत बसावं लागणार. उरलेल्या दोघांत फुलं-फळं असलेला आणि ज्याच्या डुप्लिकेट शीट (त्याच वेळी गोळा केलेल्या त्याच नमुन्याच्या जादा शीट) दुसऱ्या हर्बेरियममध्येही आहेत असा बघा. स्कॅनवर भागवू नका बरं का, शीटच्या कोपऱ्यात कागदाची पुडी चिकटवलेली असते, गळलेली फुलं तिच्यात असतात, पुंकेसर मोजायचे तर ती परवानगी घेऊन उघडावी लागते. कधी एकाच शीटवर दोन वेगळ्या झाडांच्या फांद्याही निघतात, मग नेमकी कुठली ते लिहायचं.

नमुने सापडतच नाहीत म्हणून लगेच निओटाइपकडे, म्हणजे मूळ काहीच उरलं नाही म्हणून नवीन टाइप नेमण्याकडे, धावू नका. 1943 मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचं हर्बेरियम जळालं तरी त्यातल्या कितीतरी नमुन्यांच्या डुप्लिकेट इतरत्र शिल्लक आहेत. शिवाय मूळ चित्रही टाइप होऊ शकतं, लिनियसने दिलेली काही नावं तर 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या जुन्या ग्रंथातल्या चित्रांवरच टिकून आहेत.

निवड झाली की जर्नलमध्ये छापा, फेसबुकवर लिहून ती होत नाही. पण त्याआधी तो केसाळ नमुना कुणी, कुठे गोळा केलाय ते लेबलवरून इथे टाका, मला तोच खटकतोय.