वाचकांचे प्रश्न : कंपनीच्या गेटबाहेरचं गाव

मागच्या अंकात सीएसआरवर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चावर, एक छोटी चौकट दिली होती, त्यावर एवढे मेल आणि पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, त्यातले चार घेतलेत.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आम्हा दोघा भावांची मशीनिंगची पार्टनरशिप फर्म आहे, बावीस कामगार आहेत. सीए म्हणतात सीएसआर तुम्हाला लागूच नाही, सोडून द्या. पण समाजासाठी कायतरी करावं असं मनापासून वाटतं. पैसा बेताचाच आहे. सुरुवात कुठून करायची?
– एक उद्योजक, सांगली

उत्तर : सीए बरोबरच सांगतायत. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं आणि ते फक्त कंपन्यांना आहे, त्यातही आदल्या आर्थिक वर्षात ज्यांचं नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असेल त्यांनाच. त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. तुम्ही फर्म आहात, म्हणजे कायद्याच्या बाजूनं विषय तिथंच संपला.

पण तुम्ही कायदा विचारलेलाच नाही, आणि मला तेच फार आवडलं. तुमच्या जिल्ह्यातच बघा ना, पलूस तालुक्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांनी दिलेल्या ओसाड माळावर कारखाना काढला आणि कारखान्याबरोबर माणसांना राहायला वसाहत पण उभी केली, तीच आजची किर्लोस्करवाडी. तेव्हा हे कलम यायला अजून शंभर वर्षं होती, कुणी सक्ती केली नव्हती. आपल्या माणसांची सोय ही आपलीच जबाबदारी एवढं साधं धरून चालले होते ते.

तुमच्याकडे पैसा कमी आहे पण हातात कसब आहे, ते द्या. जवळच्या आयटीआयमधली दोन पोरं अप्रेंटिस म्हणून घ्या. तीस किंवा जास्त माणसं असली की अप्रेंटिस घेणं बंधनकारक असतं, तुमच्या साइजला ते ऐच्छिक आहे, आणि स्टायपेंडचा काही भाग केंद्र सरकार उचलतं. फक्त घेतलं की शिकवा खरोखर. पोराला वर्षभर झाडू मारायला आणि तयार पार्ट पुसायला लावलं तर काय उपयोग, त्याला ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे, मायक्रोमीटरचं रीडिंग बरोबर घेता आलं पाहिजे, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, ऑफसेट (टूलच्या मापाचा फरक) टाकताना हात थरथरायला नकोत. असा पोरगा उद्या तुमच्याकडे थांबेल नाहीतर शेजारच्या शेडमधे जाईल, जाऊ दे, एका घराची चूल त्याच्यावर पेटणार आहे हे महत्त्वाचं.

आणि अजून एक, जरा स्पष्टच बोलतो. मशीन शॉप आहे म्हणजे खराब कूलंट (कटिंग गार ठेवणारं द्रव) आणि वापरलेलं ऑइल निघतच असणार. स्क्रॅपच्या ढिगातून झिरपलेलं तेल शेडमागच्या गटारात उतरतं आणि पहिल्या पावसात नाल्यावर तवंग दिसतो, हे बऱ्याच एमआयडीसीत बघायला मिळतं. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, ते ड्रममधे साठवून अधिकृत रिसायकलरलाच द्या, स्क्रॅपखाली काँक्रीटचा कोबा आणि एक छोटा खड्डा करून तेल गोळा करा. याचा कुठं फोटो छापून येणार नाही, पण खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीला याच्याइतकी मोठी मदत दुसरी कुठली नाही.

प्रश्न : मी खेड तालुक्यातल्या झेडपी शाळेत शिकवते. शाळेच्या पटांगणातून कंपन्यांच्या शेड दिसतात, आमच्या मात्र दोन खोल्या गळतात. तीन कंपन्यांना पत्रं दिली, उत्तर आलं नाही. सीएसआर मिळवायचा कसा?
– एक शिक्षिका, पुणे जिल्हा

उत्तर : मॅडम, आधी हे सांगतो की तुम्ही भीक मागत नाही आहात. कंपनी जिथं चालते तो परिसर आणि आजूबाजूचा भाग यांना प्राधान्य द्यावं असं कलम १३५ मधेच लिहिलंय आणि शिक्षण हे त्याच कायद्याच्या परिशिष्ट ७ मधल्या कामांत आहेच. तेव्हा पत्रात मान खाली घालून लिहू नका.

आता पत्राला उत्तर का येत नाही. बहुतेक पत्रांत "आमच्या शाळेला मदत करावी ही नम्र विनंती" एवढंच असतं, त्यावरून तिथल्या माणसाला कमिटीपुढं काही मांडता येत नाही. मोठ्या कंपनीत सीएसआर कमिटी असते, ती वर्षाचा आराखडा बोर्डाकडून मंजूर करून घेते, म्हणून अर्ज जानेवारी-फेब्रुवारीतच पोचला पाहिजे, जूनमधे शाळा उघडल्यावर दिला तर त्या वर्षीच्या पैशाचं आधीच ठरलेलं असतं. अर्जाला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा, यू-डायस नंबर (शाळेचा सरकारी कोड), पटसंख्या, गळणाऱ्या खोल्यांचे पावसाळ्यातले फोटो, इंजिनिअरचं एस्टिमेट आणि झेडपीची परवानगी, कारण इमारत झेडपीची आहे आणि तिच्या परवानगीशिवाय कंपनी हात लावणार नाही. पैसे शाळेच्या खात्यात येतील असं धरू नका, कंपनी स्वतः काम करून देते किंवा संस्थेमार्फत करते, आणि त्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरची कामं घ्यायला लागणारी सरकारी नोंद) असावी लागते, १ एप्रिल २०२१ पासून हे सक्तीचं आहे. गावात असली एखादी ट्रस्ट असेल तर तिला बरोबर घ्या, काम निम्मं सोपं होतं.

आणि देखभालीचं आधी लिहून घ्या, याच्यावर मी अडून बसेन. मी एका गावात बघितलंय, सीएसआरमधून आलेला पाण्याचा आरओ प्लँट, वर कंपनीचा मोठा बोर्ड, आणि दाराला कुलूप. मेंब्रेन (पाणी गाळणारा पडदा) बदलायला पैसे नव्हते, लाइट बिल कुणी भरायचं ते ठरलं नव्हतं, ग्रामपंचायत म्हणायची कंपनी बघेल, कंपनीच्या लेखी प्रोजेक्ट कधीच पूर्ण झाला होता. बाया परत हंडे घेऊन जुन्या बोअरवर. फार वाईट वाटलं ते बघून, कारण पैसा खर्चलेला होता, मनानं दिलेला होता, फक्त पुढच्या वर्षाचा विचार कुणी केला नव्हता. कायद्यात चालू प्रकल्प म्हणून सोय आहे, सुरू केलेलं वर्ष सोडून पुढं तीन वर्षांपर्यंत काम नेता येतं. कंपन्यांनी ही सोय मनापासून वापरावी आणि तुम्ही पण अर्जातच मागा, की छत करून द्या आणि तीन वर्षं वॉटरप्रूफिंग तुम्हीच बघा.

प्रश्न : कंपन्या टॅक्स भरतात, वर हे दोन टक्के कशाला? शाळा-दवाखाने सरकारनं बघावेत.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सरकारनं बघावेतच, सीएसआरनं सरकारची सुटका होत नाही. पण कारखाना गावाचा रस्ता वापरतो, धरणाचं पाणी वापरतो, सरकारी शाळेत शिकलेली माणसं कामाला घेतो, तेव्हा टॅक्स भरला की संबंध संपला असं मला पटत नाही. दुसरं म्हणजे आकडा लहान नाही, २०२२-२३ मधे देशभरात जवळपास ३० हजार कोटी यावर खर्च झाले. माझी तक्रार आहे ती वाटपाबद्दल. राज्यांमधे महाराष्ट्राला सगळ्यात जास्त पैसा येतो पण तो मुंबई-पुण्याच्या आसपास जास्त फिरतो, आणि नंदुरबार, गडचिरोली, वाशिम, धाराशिव हे जे केंद्र सरकारनं आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेले म्हणून खास लक्ष द्यायचे, जिल्हे म्हणून निवडलेत तिथं कारखानेच कमी, म्हणून सीएसआर पण कमी. देश पुढं न्यायचा म्हणतो तर कंपन्यांनी आपण होऊन थोडा हिस्सा तिकडं वळवायला काय हरकत आहे, परिसराला प्राधान्य द्या म्हटलंय, बाहेर जाऊच नका असं नाही म्हटलेलं.

प्रश्न : आम्ही एका मोठ्या कंपनीला पार्ट पुरवतो. पेमेंट चार-चार महिने येत नाही, पगाराला व्याजानं पैसे काढतो. तीच कंपनी आमच्या गावात दरवर्षी आरोग्य शिबिर घेते. काय म्हणायचं याला?
– एक सप्लायर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : शिबिर चांगलंच आहे, त्यात कुणाचं बीपी वेळेवर सापडतं, ते बंद पडावं असं मी म्हणणार नाही. पण तुमचे पैसे अडवून ठेवणाऱ्या कंपनीला मी जबाबदार कंपनी म्हणणार नाही. जबाबदारी आधी नफा कसा कमावला तिथं लागू होते, दोन टक्क्यांचा हिशोब त्याच्यानंतरचा. तुमच्या शेडमधल्या पोरांचा पगार लांबतो तेव्हा त्यांच्या घरी काय होतं ते त्या कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांनी एकदा येऊन बघावं.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा एमएसएमईडी कायदा आहे, माल स्वीकारल्यापासून करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या पुढं पेमेंट थांबवता येत नाही. थांबवलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या (ती जाहीर करते त्या व्याजदराच्या) तिप्पट दरानं, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते, पुढं ती राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडं, म्हणजे थकलेल्या पेमेंटचे वाद सोडवणाऱ्या समितीकडं, जाते. शिवाय ४५ दिवसांपेक्षा जास्त थकलेल्या अशा रकमांचा सहामाही रिटर्न कंपनीला सरकारकडं भरावा लागतो, तेव्हा तुमचं नाव त्यात गेलंय का ते विचारा.

तक्रारीनं ऑर्डर तुटेल ही भीती मला कळते. म्हणून आधी एक काम करा, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद) झालेलं असेल तर त्याचा नंबर पुढच्या प्रत्येक इनव्हॉइसवर छापा आणि सर्टिफिकेटची कॉपी त्यांच्या परचेस आणि अकाउंट्स दोघांना मेल करून ठेवा. झालेलं नसेल तर पुढचा माल पाठवायच्या आधी करून घ्या, फी लागत नाही, ऑनलाइन होतं.