ऑपरेशन केलं की कानाचं यंत्र सुटतं का?

कानाच्या यंत्राला कंटाळलेल्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो. अडुसष्ट वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचा मुलगाही तेच विचारत आला होता. नात्यातल्या एका लहानग्याचं कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून अंतर्कर्णात बसवायचं उपकरण, झालेलं. तो आता घडाघडा बोलतो. पैशांची तयारी होती. बाईंचं महागडं डिजिटल यंत्र मात्र कपाटात पडून.

माझं उत्तर त्याला आवडलं नाही. इम्प्लांटमध्येही बाहेरचा भाग राहतोच: प्रोसेसर, डोक्याला लोहचुंबकाने चिकटणारी चकती, बॅटरीची काळजी. साधं यंत्र आवाज मोठा करून कानात सोडतं. इम्प्लांट अंतर्कर्णातल्या, आवाज टिपणाऱ्या पण निकामी झालेल्या केशपेशींना वगळून श्रवणनाडीलाच विजेचे संकेत देतं. सुमारे पंधरा हजार पेशींचं काम १२ ते २२ इलेक्ट्रोडांवर, म्हणजे विजेचे संकेत देणाऱ्या बारीक टोकांवर, येतं. म्हणून सुरुवातीला माणसांचं बोलणं यांत्रिक, चिरकं वाटतं आणि महिनोन्‌महिने सराव लागतो. शिवाय शस्त्रक्रियेत उरलंसुरलं ऐकणंही जाऊ शकतं. यंत्राचं हे वरचं मॉडेल नव्हे.

बाईंच्या त्यातल्या त्यात चांगल्या कानाचा दोष ५५ डेसिबल होता; हा आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. पुरेशा मोठ्या आवाजात दिलेल्या २५ शब्दांपैकी २० त्यांनी बरोबर सांगितले. ढोबळ खूण अशी, की दोष ६० डेसिबल किंवा जास्त आणि शब्द ६० टक्के किंवा कमी असले, तर इम्प्लांटच्या तपासणीला पाठवावं. त्या त्यात बसत नव्हत्या.

मग यंत्र कपाटात का? हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. बोलत होता तो मुलगा. "अहो, बोललेलं कळतं, पण भांडं आपटलं की कपाळात जातं. आणि यंत्राचा कानात बसणारा तो साचा टोचतो." साचा नव्याने केला, मोठ्या आवाजांची मर्यादा खाली आणली, आधी फक्त घरात, संध्याकाळी वापरायला सांगितलं. आता दिवसभर घालतात. लग्नाच्या हॉलमध्ये अजून अडतं. तिथे समोर बसून बोलावं लागतं.

याउलट एक दुकानदार जबरदस्त ताकदीची यंत्रं लावूनही २५ पैकी जेमतेम सहा शब्द ओळखायचे. तिसरं यंत्र घेऊ का, म्हणत होते. त्यांना मी सरळ इम्प्लांटच्या टीमकडे धाडलं.

जाताना मुलाने विचारलं, "पुढे गरज पडली तर वय आडवं येईल?" नुसत्या वयामुळे नाही, भूल झेपेल का, ते तेव्हा बघतात. दरवर्षी शब्दांची चाचणी मात्र चुकवू नका, एवढं सांगितलं.