शेवटचा दिवस आणि संध्याकाळचे विमान

प्रश्न : येत्या जुलैमध्ये मी आणि माझे यजमान ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जहून निघणाऱ्या तीन दिवसांच्या सामूहिक कॅम्पिंग सहलीला जाणार आहोत. पहिल्या दिवशी उलुरू हा प्रचंड लाल खडक, दुसऱ्या दिवशी काटा जुटा हे घुमटाकार खडक आणि तिसऱ्या दिवशी सकाळी किंग्ज कॅन्यन ही दरी पाहून संध्याकाळी परत, असा कार्यक्रम आहे. हॉटेलचा एका रात्रीचा खर्च वाचवण्यासाठी त्याच संध्याकाळी एखादे विमान मिळाले तर पकडावे, असे यजमानांचे म्हणणे आहे. ते योग्य होईल का? त्यांचे गुडघे दुखतात. किंग्ज कॅन्यनची चढण त्यांना झेपेल का? निरोप घेताना गाइडला बक्षिसी द्यावी लागते का? आणि आठवण म्हणून उलुरूची थोडी लाल माती आणता येईल का?
— एक वाचक

उत्तर : विमान दुसऱ्या दिवसाचेच घ्यावे. कार्यक्रमपत्रिकेत तिसरा दिवस 'सकाळी पदभ्रमण, दुपारी परतीचा प्रवास' अशा एका ओळीत उरकलेला असतो. प्रत्यक्षात तो तिन्ही दिवसांत सर्वांत लांब असतो. किंग्ज कॅन्यनहून डांबरी रस्त्याने ॲलिस स्प्रिंग्ज सुमारे पावणेपाचशे किलोमीटर आहे. आधी लुरिट्जा रस्ता, मग लॅसेटर महामार्ग आणि एर्ल्डुंडा या थांब्यापासून स्टुअर्ट महामार्ग, असा हा प्रवास, आणि एर्ल्डुंडाला पोहोचले तरी पुढे २०० किलोमीटर उरतातच. वाटेत टायर फुटला तर मदत यायला किती वेळ लागेल याचा नेम नसतो. आमच्या सहलीत सामानाच्या ट्रेलरचे चाक असेच बसले, आणि ते बदलून होईपर्यंत दोन तास आम्ही रस्त्याकडेला माश्या हाकत उभे होतो. गटातील एक जोडपे दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होते; त्यांचे विमान अर्थातच चुकले. शिवाय दिवस मावळताना कांगारू आणि मोकाट गुरे रस्त्यावर येतात, त्यामुळे उशीर झाला म्हणून चालक वेग वाढवील अशी अपेक्षा ठेवू नये, आणि त्याने तो वाढवूही नये.

त्या दिवसाची सुरुवातही लवकर होते. जुलै हा तिथला हिवाळा. मध्य ऑस्ट्रेलियात या दिवसांत पहाटेचे तापमान शून्याच्या आसपास, कधी त्याखालीही जाते. आपण झोपाल ते स्वॅगमध्ये, म्हणजे आत गादी असलेल्या जाड कॅनव्हासच्या वळकटीत. अंधारात, डोक्याला बॅटरी बांधून, दवाने ओलसर आणि ताठ झालेला तो कॅनव्हास गुडघ्याखाली दाबत गुंडाळायचा आणि बधिर बोटांनी पट्टा आवळायचा, हे काम पहिल्या दिवशी गमतीचे वाटते. तिसऱ्या दिवशी वाटत नाही. सामूहिक सहलीत भांडी घासणे, चूल विझवणे आणि ट्रेलर भरणे ही कामेही सर्वांनी मिळून करायची असतात. हातमोजे अवश्य न्यावेत.

आता गुडघ्यांविषयी. किंग्ज कॅन्यनच्या कड्यावरून जाणारी वाट सुमारे ६ किलोमीटरची असून तिला तीन ते चार तास लागतात. सुरुवातीलाच दगडी पायऱ्यांची सरळसोट चढण आहे. ती संपली की पुढचा बराचसा भाग तुलनेने सपाट आहे, पण मधल्या घळीत जिने उतरून पुन्हा चढावे लागते, आणि दुखऱ्या गुडघ्यांना उतार चढापेक्षा जास्त छळतो. ही वाट फिरून वाहनतळाशी येत असल्याने अर्ध्यावरून परतणेही सोयीचे नाही. यजमानांनी दरीच्या तळातून ओढ्याकाठाने जाणारी छोटी वाट घ्यावी, असे मी सुचवीन. ती जाऊन-येऊन तासाभराची आहे आणि खालून दिसणारे लालसर कडे काही कमी भव्य नाहीत. मात्र हा निर्णय आदल्या रात्रीच गाइडला सांगावा, कारण तो गटाबरोबर वर गेला की खाली थांबणाऱ्याला बराच वेळ एकट्याने काढावा लागतो. पाणी, टोपी आणि एखादे पुस्तक जवळ असावे. परतीच्या प्रवासात बसमध्ये पुढची, पाय पसरता येतील अशी जागा मागून घ्यावी आणि प्रत्येक थांब्यावर खाली उतरून चार पावले चालावे.

बक्षिसी देण्याची ऑस्ट्रेलियात सक्ती नाही आणि न दिल्यास कोणी वाईट मानत नाही. परतल्यावर त्या रात्री गावात एकत्र जेवण्याची पद्धत बऱ्याच गटांत असते. तिथे गाइडला आग्रहाने बोलवावे. मुक्काम ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

माती मात्र आणू नये. उलुरू ही तिथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांची पवित्र भूमी. ती २६ ऑक्टोबर १९८५ रोजी त्यांना परत मिळाली आणि त्यांच्या इच्छेचा मान राखून २०१९ साली त्याच तारखेपासून खडकावर चढणे कायमचे बंद झाले. तिथून दगड किंवा वाळू उचलण्यास मनाई आहे. पूर्वी नेलेले दगड लोक क्षमापत्रासह टपालाने परत पाठवतात, इतके की तिथल्या राष्ट्रीय उद्यानात त्यांना 'सॉरी रॉक्स' असे नावच पडले आहे. तसेही बुटांच्या शिवणीत आणि बॅगेच्या चेनमध्ये तिथली लाल धूळ आपल्या नकळत घरी येतेच. पांढरे कपडे तेवढे वेगळ्या पिशवीत बांधावेत.