न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर (तिथली मोठी व्यावसायिक रंगभूमी) एकाच प्रयोगात बंद पडलेलं कॉमेडी नाटक कोणतं, त्यात मुख्य अभिनेत्री कोण होती?

'मूस मर्डर्स'. 22 फेब्रुवारी 1983 ला यूजीन ओ'नील थिएटरमध्ये ओपनिंग झालं आणि त्याच रात्री बंद पण. मुख्य रोल आधी ईव्ह आर्डनकडे होता पण ती प्रिव्ह्यू (अधिकृत ओपनिंगआधीचे प्रयोग) चालू असतानाच बाहेर पडली, मग हॉलंड टेलरने ऐनवेळी तो अंगावर घेतला. नाटकात व्हीलचेअरवरचा, बँडेज गुंडाळलेला पेशंट उठून मूसच्या (मोठ्या जातीचं हरीण) वेशातल्या माणसाला लाथ मारतो, असा सगळा प्रकार, समीक्षकांनी पार धुतलं. पण हॉलंडबाईंना खरंच मानलं पाहिजे, असं नाटक पडल्यावरही त्या टिकल्या, 1999 ला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळवला आणि 2013 मध्ये स्वतः लिहिलेल्या 'ॲन' नाटकासाठी ब्रॉडवेवरच टोनी या नाट्यपुरस्काराचं नॉमिनेशन!