जुन्या जावाचं पुस्तक स्कॅन करायचंय? आधी त्यातली पेन्सिल वाचवा

तुम्ही विचारलंय, काकांच्या जुन्या जावा मोटरसायकलबरोबर तिचं मॅन्युअल आणि पार्ट्सचं पुस्तक हाती आलंय. ते स्कॅन करून बाकीच्या जावा-येझदीवाल्यांना कसं द्यावं, आणि असं वाटलेलं कायद्यात बसतं का.

जरूर द्या. फक्त एक ऐका, पुस्तक खिळखिळं झालंय म्हणून आधी बाइंडिंगला टाकू नका. का, ते शेवटी सांगतो.

मी इंदूरचा. वडिलांची जावा अजून चालती आहे, आणि छावणी भागातले आमचे मेकॅनिक उस्ताद आजही इंजिन उघडण्याआधी म्हणतात, "भैया, किताब ले आए?" गाडी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्येच बंद झाला. तेव्हापासून कारखान्याकडून ते पुस्तक येत नाही. जे काही आहे ते लोकांच्या माळ्यावर, ट्रंकेत, नाहीतर आमच्या खजुरी बाजारासारख्या ठिकाणी जुन्या पुस्तकांच्या ढिगात. म्हणून तुमच्याकडची प्रत मोलाची.

पहिलं, तुमच्याकडे नक्की काय आहे ते बघा. मालकासाठीची छोटी पुस्तिका वेगळी, मेकॅनिकसाठीचं वर्कशॉप मॅन्युअल वेगळं आणि पार्ट्सची यादी वेगळी. लोक तिन्हींना मॅन्युअलच म्हणतात. माझ्या मते सगळ्यांत आधी पार्ट्सची यादी स्कॅन करावी. सुटे भाग हवेत पसरल्यासारखी ती चित्रं असतात ना, त्यांवरून वायसर कुठल्या बाजूला बसतो हे कळतं आणि नंबर सांगून माल शोधता येतो. इंजिन 65 बाय 75 चं (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल, मिलिमीटरमध्ये), 250 सीसीचं, हे तर कुणीही तोंडपाठ सांगेल. गिअरबॉक्समधला बारीक वायसर कुणाच्या लक्षात राहतो?

आता स्कॅनिंग. पानं आपोआप ओढून घेणाऱ्या मशीनच्या वाटेला जाऊ नका, जुना कागद त्यात चुरगळतो. काचेचा साधा फ्लॅटबेड स्कॅनर घ्या. मजकुराला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके, पुरतं. चित्रांना आणि फोटोंना 600 ठेवा. आणि पान काळं-पांढरं असलं तरी स्कॅन रंगीतच करा. माझी पहिली चूक हीच. फाइल हलकी व्हावी म्हणून मी निव्वळ काळं-पांढरं सेटिंग ठेवलं आणि वडिलांनी पेन्सिलीने लिहिलेलं सगळं गायब! शिवाय दशांशाची टिंबं गेली. पॉइंटची, म्हणजे उघडले की प्लगला ठिणगी पडते त्या कॉन्टॅक्टची, गॅप मिलिमीटरच्या दशांशात मोजायची, तिथे टिंब गेलं की काय उरलं?

आकड्यांची भीती खोटी नाही. 2013 मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं, की ऑफिसात वापरतात तसली काही मोठी स्कॅनर मशीन्स फाइल लहान करण्याच्या नादात एकसारखे दिसणारे आकडे आपसांत बदलतात. 6 च्या जागी 8 येतो. तोही पुसट नाही, अगदी ठसठशीत, त्यामुळे शंकासुद्धा येत नाही. म्हणून तक्त्यांची पानं स्कॅन झाल्यावर मूळ पुस्तक शेजारी ठेवून आकडा न् आकडा ताडून बघा. कंटाळवाणं काम आहे. मी ते बायकोला वाचायला लावून करतो, त्यावरून बोलणीही खातो.

ऑइल प्यायलेली पानं पारदर्शक होतात आणि मागच्या पानाची छपाई पुढे उमटते. त्यावर उपाय फुकटातला आहे: पानाच्या मागे काळा कार्डपेपर ठेवा. मागचं उमटणं बरंचसं बसतं, पान थोडं करडं दिसतं, ते नंतर उजळता येतं. बोटांचे काळे ठसे मात्र साफ करत बसू नका. आमच्या पुस्तकात सगळ्यांत मळकं पान टायमिंगचं आहे, पिस्टन टॉपपासून किती मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडायला हवेत ते. त्या पानाचा कोपरा इतका काळा आहे की पुस्तक आपोआप तिथेच उघडतं.

गंजलेल्या पिना बोथट सुरीने हळूच सरळ करून काढा, ओढू नका. वायरिंगचं घडीचं मोठं पान असतं, ते दोन-चार दिवस जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा, इस्त्री नको. मग तुकड्यातुकड्यांनी स्कॅन करा, प्रत्येक तुकड्यात शेजारच्याचा चार बोटं भाग येऊ द्या, म्हणजे जोडता येतो. घडीच्या रेघेवर नेमकी वायरच्या रंगाची अक्षरं असतात, तिथे जपा. एखाद्या स्कॅनमध्ये पानाशेजारी स्टीलची पट्टी ठेवा. कुणी त्यावरून गॅस्केट कापणार असेल तर छापताना माप बरोबर आलं का, हे त्याला तपासता येईल.

पानं सरळ करायला आणि कडा नीट करायला स्कॅन टेलर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. मूळ स्कॅन टिफमध्ये (चित्राचा दर्जा न घटवणारी मोठी फाइल) वेगळे जपा आणि वाटायला पीडीएफ करा. कव्हर, कोरी पानं, छापखान्याची ओळ, सगळं घ्या. छपाईचं साल त्या ओळीतच सापडायची शक्यता जास्त, आणि फाइलच्या नावात साल हवंच. याच गाडीच्या टाकीवर जावाऐवजी येझदी नाव आलं ते 1973 मध्ये. त्याआधीचं पुस्तक आणि नंतरचं पुस्तक लोक सर्रास एक समजतात.

कायद्याचं म्हणाल तर मी वकील नाही, पण 1957 चा कॉपीराइट कायदा या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. लेखकाचं नाव नसलेल्या पुस्तकाचा हक्क छापल्यानंतरचं वर्ष उजाडल्यापासून 60 वर्षं टिकतो. म्हणजे 1964 मध्ये छापलेलं निनावी पुस्तक 2024 च्या अखेरीस मोकळं झालं. लेखकाचं नाव असेल तर त्याच्या मृत्यूनंतरची 60 वर्षं मोजायची. कारखाना बंद पडला म्हणून हक्क संपत नाही, हा गैरसमज फार आहे. यामाहा आरएक्स 100 सारख्या 80 च्या दशकातल्या गाड्यांची पुस्तकं या हिशेबात अजून मोकळी नाहीत. ती मी स्वतःपुरती स्कॅन करून ठेवलीत, कुणी अडला तर त्याच्या कामाचं पान बघून सांगतो, अख्खं पुस्तक उघड्यावर टाकत नाही. मोकळी झालेली पुस्तकं मात्र इंटरनेट आर्काइव्हवर टाकावीत. तिथे आतला मजकूर शोधता येतो आणि फाइल एखाद्याच्या फोनबरोबर हरवत नाही. एक तयारी ठेवा: तुमचंच स्कॅन रंगीत छापून "ओरिजिनल" म्हणून विकणारा कुणीतरी भेटेलच. मला भेटला. भाव करून बघितला, कमी करेना.

आता बाइंडिंगचं. आमचं पुस्तक खिळखिळं झालं म्हणून मी ते स्कॅन करण्याआधी एका बाइंडरला दिलं. त्याने सुंदर शिवलं, कापडी पाठ लावली आणि कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून तीन बाजूंनी कापल्या. वडिलांच्या नोंदी समासात होत्या. बऱ्याच वाचल्या, पण कार्बोरेटरच्या पानावरची, पेट्रोल किती जावं ते ठरवणाऱ्या जेटबद्दलची ओळ सुरुवातीलाच कापली गेली. आता तिथे एवढंच उरलंय: "…ळा संपला की जेट बदलणे."

वडील आता नाहीत. उस्तादांना मराठी थोडंफार कळतं, त्यांना ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, गरमी असेल. मी म्हटलं, उस्ताद, आमच्यात तिन्ही ऋतू "ळा"वरच संपतात.